एका अंशाची ज्या : जयपूरच्या सारण्यांपासून जूलिया संचापर्यंत

जयपूरच्या जंतरमंतरमधील सम्राट यंत्राची सावली दर सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर सरकते. यंत्राची तिरकी भिंत सुमारे २७ मीटर उंच आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या पाषाणी चापांची त्रिज्या १५ मीटरांहून किंचित अधिक आहे. सूर्य तासाला १५ अंश चालतो. एवढ्या त्रिज्येवर ते अंतर जवळजवळ चार मीटर भरते. प्रेक्षकांचे लक्ष स्वाभाविकपणे त्या दगडी भव्यतेकडे जाते. परंतु वेधशाळेचे काम दगडावर पुरे होत नसे. घेतलेल्या वेधावरून ग्रहाचे स्थान, ग्रहणाची वेळ किंवा तिथीचा अंत काढायचा, तर सारण्या लागत. आणि त्या सारण्यांच्या मुळाशी एक लहानशी संख्या असे. ती संख्या म्हणजे एका अंशाची ज्या. आजच्या शालेय भाषेत हीच १ अंशाची साइन.

ही संख्या काढण्याची जी रीत समरकंदहून हिंदुस्थानात आली, तिच्यात गणितातील एक विलक्षण प्रकरण दडलेले होते. ते उलगडण्यास विसावे शतक उजाडावे लागले.

प्रथम अडचण पाहू. १८ अंश, ३० अंश, ४५ अंश यांच्या ज्या वर्गमुळांच्या साहाय्याने काढता येतात. पंचकोनातून ७२ अंश मिळतात, समभुज त्रिकोणातून ६० अंश. त्यांची वजाबाकी १२ अंश. दोनदा अर्धे केले की ३ अंश हाती येतात. येथवर सर्व काही वर्गमुळांनी साधते. परंतु ३ अंशांवरून १ अंशावर येण्यासाठी कोनाचे तीन समान भाग करावे लागतात, आणि तेथे वर्गमुळे अपुरी पडतात. तिप्पट कोनाचे सूत्र असे : १ अंशाची ज्या क्ष मानली आणि त्रिज्या १ धरली, तर ३क्ष मधून क्षच्या घनाची चौपट वजा केल्यास ३ अंशांची ज्या मिळते. हे घनसमीकरण आहे. ३ अंशांची ज्या ज्ञात, क्ष अज्ञात.

जमशीद अल्-काशी या गणितज्ञाने समरकंद येथे पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात यावर जो उपाय योजला, तो आजच्या लेखनात इतक्या थोडक्यात सांगता येतो :

नवा क्ष = (स + ४ × जुन्या क्षचा घन) ÷ ३

येथे स म्हणजे ३ अंशांची ज्या. क्ष लहान आहे, म्हणून त्याचा घन अतिलहान. तेव्हा प्रथम घन सोडूनच द्यावा आणि सला ३ ने भागावे. आलेले उत्तर उजव्या बाजूस ठेवून पुन्हा गणित करावे, आलेले उत्तर पुन्हा ठेवावे, आणि असेच पुढे जावे. स = ०.०५२३३५९५६२ घेतल्यास पहिली फेरी ०.०१७४४५३१८७ देते. दुसऱ्या फेरीत ०.०१७४५२३९७८ मिळते. तिसऱ्या फेरीत ०.०१७४५२४०६४ मिळते, आणि दहा दशांश स्थळांपर्यंत हेच अचूक उत्तर आहे. प्रत्येक फेरीगणिक चूक सुमारे ८२० पटींनी घटते. म्हणजे प्रत्येक फेरीस जवळजवळ तीन नवे अंक पदरात पडतात. अल्-काशी दशमान नव्हे, तर षष्टिमान पद्धतीने, म्हणजे ६० च्या भागांत मोजत असे. ६० त्रिज्येच्या वर्तुळात ही ज्या १ पूर्णांक आणि पुढे २, ४९, ४३, ११ अशा साठाव्या भागांच्या क्रमाने येते. पायची किंमत त्याने १४२४ मध्ये सोळा दशांश स्थळांपर्यंत काढली होती; एका अंशाची ज्याही जवळपास तेवढ्याच बारकाईने काढली.

उत्तरच पुन्हा प्रश्नात घालून गणित करण्याची कल्पना मात्र भारताला नवी नव्हती. संस्कृत ज्योतिषग्रंथांत तिला ‘असकृत्’ कर्म म्हणतात. एकदाच नव्हे, तर पुन्हा पुन्हा करावयाचे गणित. ते कोठे थांबवायचे? दोन लागोपाठच्या उत्तरांत फरक उरेनासा होईल तेथे. या स्थितीस ‘अविशेष’ असा नेमका शब्द आहे. मराठी वाचकांना पुनरावर्तनाची जवळची ओळख देवळालीच्या द. रा. कापरेकरांमुळे आहे. सर्व अंक समान नसलेली चार अंकी संख्या घ्यावी, तिच्या अंकांची उतरती व चढती मांडणी करून वजाबाकी करावी, आणि तेच पुन्हा पुन्हा करावे. सात फेऱ्यांच्या आत ६१७४ येते आणि पुढे हलत नाही. तोही अविशेषच.

उलुगबेगाच्या समरकंदी परंपरेचे गणित संस्कृतात उतरवणाऱ्यांमध्ये एका महाराष्ट्रीय घराण्याचे नाव येते. गोदावरीच्या उत्तर तीरावरील गोलग्राम येथील दिवाकर दैवज्ञाचे हे घराणे पुढे काशीस स्थायिक झाले. त्याच्या पुत्रांपैकी मल्लारीने नांदगावच्या गणेश दैवज्ञाच्या ‘ग्रहलाघवा’वर टीका लिहिली. १५२० च्या या ग्रंथाचे वैशिष्ट्य असे, की त्यात ज्या वापरण्याचा खटाटोपच टाळलेला आहे. पंचांगकर्त्याचे काम हलके व्हावे हा हेतू. याच घराण्यात पुढे जन्मलेल्या कमलाकराने उलट दिशा धरली. १६५८ मध्ये काशी येथे रचलेल्या ‘सिद्धान्ततत्त्वविवेक’ या ग्रंथात त्याने ६० त्रिज्या धरून प्रत्येक अंशाची ज्या षष्टिमान पद्धतीत पाच स्थळांपर्यंत दिली. दुप्पट, तिप्पट, चौपट आणि पाचपट कोनांची सूत्रे मांडली. आणि कोनाच्या तिसऱ्या व पाचव्या भागाची ज्या काढण्यासाठी असकृत् रीत सांगितली. भास्कराचार्यांचा कैवारी मुनीश्वर हा त्याचा काशीतीलच प्रतिस्पर्धी, आणि त्याचेही घराणे मूळचे विदर्भातील. या दोघांचा वाद शं. बा. दीक्षितांच्या १८९६ च्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या ग्रंथामुळे मराठी वाचकांना परिचित झाला.

कमलाकरानंतर दोन पिढ्यांनी हे सारे प्रवाह जयपुरात एकत्र आले. सवाई जयसिंहाने १७२७ मध्ये नगराची स्थापना केली आणि पुढील काही वर्षांत तेथील वेधशाळा उभी राहिली. उलुगबेगाच्या सारण्या त्याच्या अभ्यासाचा पाया होत्या. ‘झीज-ए-मुहम्मदशाही’ या त्याच्या फार्सी ग्रंथाची घडण त्यांच्याच धर्तीवर आहे. परंपरेने महाराष्ट्रीय मानल्या जाणाऱ्या जगन्नाथ सम्राटाने त्याच्या आश्रयाने युक्लिडची भूमिती ‘रेखागणित’ या नावाने अरबीतून संस्कृतात आणली आणि टॉलेमीच्या ज्योतिषावर ‘सिद्धान्तसम्राट’ रचला. जयसिंहाने पोर्तुगालला पाठवलेले शिष्टमंडळ परतले, तेव्हा पॅरिस वेधशाळेतील फिलिप द ला इर याच्या सारण्या जयपुरास पोहोचल्या. जयसिंहाने त्या स्वतःच्या वेधांशी ताडून पाहिल्या आणि चंद्राच्या स्थानात अर्ध्या अंशाची चूक असल्याचे नोंदवले. तरीही त्या उपयुक्त ठरल्या. त्यांच्या आधारे केवलरामाने ‘दृक्पक्षसारणी’ सिद्ध केली. गोलग्राम, काशी, समरकंद आणि पॅरिस येथील गणित अशा रीतीने एकाच दरबारात मांडले गेले.

या सर्व परंपरेत एक प्रश्न मात्र कोणी विचारलेला दिसत नाही. अविशेष झाला, म्हणजे उत्तर मिळाले, हे कशावरून?

एका अंशासाठी हा प्रश्न निरर्थक वाटतो, कारण तेथे रीत विजेच्या वेगाने उत्तराशी पोहोचते. परंतु तीच रीत मोठ्या कोनावर लावून पाहावी. ६० अंशांचे तीन भाग करून २० अंशांची ज्या काढायची, तर प्रत्येक फेरीनंतर सुमारे ४७ टक्के चूक शिल्लक राहते. काम चालते, पण संथ. आता ९० अंश घ्यावेत. स = १. उत्तर सर्वांना ठाऊक आहे : ३० अंशांची ज्या, म्हणजे ०.५. फेऱ्या अशा येतात : ०.३३३, ०.३८३, ०.४०८, ०.४२४, ०.४३५. तिसाव्या फेरीस मूल्य ०.४८५ च्या आसपास असते आणि दोन फेऱ्यांमधील फरक ०.०००५ हूनही कमी झालेला असतो. तीन दशांश स्थळांनी मोजणारा गणक येथे ‘अविशेष झाला’ म्हणून लेखणी खाली ठेवील. आणि त्याची चूक मात्र जवळजवळ ०.०१५ असेल. शंभराव्या फेरीस फरक सुमारे ०.००००५, तर चूक सुमारे ०.००५, म्हणजे दिसणाऱ्या फरकाच्या शंभरपट. हजार फेऱ्या केल्या तरी चूक ०.०००५ च्या घरात राहते.

रीत तीच, सूत्र तेच, बदलला तो केवळ दिलेला कोन. एका टोकाला तीन फेऱ्यांत दहा अंक, दुसऱ्या टोकाला हजार फेऱ्यांत तीन. कारण विकलजात सापडते. उत्तराजवळील चूक प्रत्येक फेरीस ज्या गुणकाने गुणली जाते, तो गुणक येथे उत्तराच्या वर्गाची चौपट इतका असतो. १ अंशासाठी हा गुणक ०.००१२ आहे, २० अंशांसाठी ०.४७, आणि ३० अंशांसाठी नेमका १. गुणक १ हून लहान असेल, तर उत्तर जवळच्या संख्यांना आपल्याकडे ओढते. १ हून मोठा असेल, तर दूर लोटते. नेमका १ असेल, तेव्हा काय घडेल ते केवळ गुणकावरून सांगता येत नाही.

येथपर्यंतचे विवेचन वास्तव संख्यांपुरते झाले. खरे चित्र दिसू लागले, ते गणितज्ञांनी क्षच्या जागी संमिश्र संख्या ठेवण्यास आरंभ केला तेव्हा. संमिश्र संख्या म्हणजे एका रेषेवरील नव्हे, तर प्रतलावरील बिंदू. १८७९ मध्ये आर्थर केली यांनी न्यूटनच्या मूळ शोधण्याच्या रीतीबद्दल असा प्रश्न मांडला : प्रतलावरील कोणत्या बिंदूपासून निघाले असता कोणत्या मुळाशी पोहोचता येते? वर्गसमीकरणासाठी उत्तर सोपे निघाले; प्रतलाचे दोन भाग पडतात आणि मध्ये एक सरळ रेषा येते. घनसमीकरणाचे प्रकरण मात्र त्यांना उलगडले नाही.

उलगडा करणारांपैकी पिएर फातू हे १९०१ पासून पॅरिस वेधशाळेत खगोलज्ञ होते. ज्या वेधशाळेच्या सारण्या पावणेदोन शतकांपूर्वी जयपुरास आल्या, तीच ही वेधशाळा. फ्रेंच विज्ञान अकादमीने १९१८ च्या पारितोषिकासाठी पुनरावर्तन हा विषय जाहीर केला होता. पहिल्या महायुद्धात १९१५ मध्ये चेहऱ्यावर गंभीर जखम होऊन नाक गमावलेल्या गास्तों जूलिया यांनी या विषयावर प्रदीर्घ निबंध लिहिला आणि पारितोषिक मिळवले. फातू स्पर्धेत उतरले नाहीत. परंतु त्यांनी त्याच सुमारास स्वतंत्रपणे बहुतेक तेच सिद्धान्त मिळवले आणि १९१९–२० मध्ये विस्ताराने प्रसिद्ध केले. दोघांच्याही हाताशी संगणक नव्हता. ज्या आकृत्या आज भिंतीवर लावल्या जातात, त्या त्यांनी केवळ तर्काने जाणल्या.

त्यांच्या सिद्धान्तांच्या प्रकाशात एका अंशाच्या रीतीकडे पुन्हा पाहावे. समीकरण घन आहे, म्हणून उत्तरे तीन : १ अंशाची ज्या, ५९ अंशांची ज्या (०.८५७) आणि ६१ अंशांची ऋण ज्या (−०.८७५). तिन्ही कोनांच्या तिपटीची ज्या एकच येते, म्हणून समीकरण तिघांनाही समान मानते. रीत मात्र समान मानत नाही. पहिल्या उत्तराचा गुणक ०.००१२, तर उरलेल्या दोघांचे २.९ आणि ३.१. म्हणजे पहिले आकर्षक, बाकीचे दोन प्रतिकर्षक. ५९ अंशांची ज्या या रीतीने कधीही मिळणार नाही. तिच्या अगदी शेजारून निघाले तरी प्रत्येक फेरीस अंतर जवळजवळ तिप्पट होत जाईल.

वाचकांनी हे गणकयंत्रावर करून पाहावे. स तोच ठेवून ०.८५ पासून आरंभ केला, तर फेऱ्या ०.८३६, ०.७९७, ०.६९३, ०.४६२ अशा उतरत जातात आणि सातव्या फेरीस ०.०१७५ येते. ०.८६ पासून आरंभ केला, तर ०.८६६, ०.८८२, ०.९३२, १.०९७, १.७७९ असे चढत सहाव्या फेरीस मूल्य ७ च्या पुढे जाते, आणि त्यानंतर ते अनंताकडे धाव घेते. आरंभात फरक केवळ एक शतांशाचा.

प्रतलावर पाहिले, तर या दोन प्रकारच्या आरंभांमध्ये एक बंद सीमारेषा आहे. तिच्या आतील प्रत्येक बिंदू १ अंशाच्या ज्येकडे जातो, बाहेरील प्रत्येक बिंदू अनंताकडे. ही सीमा म्हणजेच या फलनाचा जूलिया संच. ती शून्याभोवतीच्या, ०.८६६ त्रिज्येच्या वर्तुळाच्या अगदी निकट असते, पण वर्तुळ नसते. कितीही मोठी करून पाहिली, तरी तिच्यावरील सुरकुत्या संपत नाहीत. ५९ आणि ६१ अंशांची उत्तरे या सीमेवरच बसलेली आहेत. सीमेवरून निघालेला बिंदू आतही येत नाही, बाहेरही जात नाही. तो सीमेवरच भटकत राहतो. आणि कसा भटकतो, तर प्रत्येक फेरीस कोन तिप्पट व्हावा तसा. कोनाचा तिसरा भाग काढण्यासाठी योजलेल्या रीतीच्या सीमेवर कोनाचे तिप्पट होणेच राज्य करते. तिप्पट होण्याच्या क्रियेत आरंभीची बारीकशी चूकही झपाट्याने फुगते. दहा फेऱ्यांत ती ५९,०४९ पट होते. एका विकलेची, म्हणजे अंशाच्या ३,६०० व्या भागाची चूक १६ अंशांवर जाते. म्हणून सीमेवर भाकीत करणे अशक्यप्राय ठरते. आत पूर्ण शिस्त आणि काठावर पूर्ण अनिश्चितता, हे दोन्ही एकाच सूत्रात नांदतात.

आता फातू यांच्या एका सिद्धान्ताकडे वळू. जेथे फलनाचा विकलज शून्य होतो, त्या बिंदूस क्रांतिक बिंदू म्हणतात. बहुपदीचा एखादा आकर्षक स्थिर बिंदू किंवा आकर्षक चक्र असेल, तर कोणता तरी क्रांतिक बिंदू त्याच्याकडे ओढला गेलाच पाहिजे. आपल्या सूत्रात असा बिंदू एकच आहे : शून्य. त्यामुळे आकर्षक उत्तर कोठे आहे, हे शोधण्यासाठी साऱ्या प्रतलाची झडती घ्यावी लागत नाही. शून्यापासून निघावे, ते उत्तर असेल तर तेथेच पोहोचू.

समरकंदच्या रीतीतील पहिली पायरी आठवावी. घन लहान आहे, म्हणून तो सोडून द्यावा आणि सला ३ ने भागावे. घन सोडणे म्हणजेच क्षची आरंभीची किंमत शून्य धरणे. केवळ सोयीसाठी निवडलेला तो आरंभ नेमका क्रांतिक बिंदूच होता. ज्या वाटेने अल्-काशी चालला, तीच वाट विसाव्या शतकातील सिद्धान्ताने कसोटीची वाट ठरवली.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. यावरून अल्-काशीला किंवा कमलाकराला जूलिया संच ठाऊक होते, असे अनुमान काढणे इतिहासाचा विपर्यास होईल. त्यांच्याजवळ उत्तम रीत होती, तिचा कसदार वापर होता, आणि रीत कोठे लागू पडते याची कारागिराला असते तशी जाण होती. रीत केव्हा व का फसते याचा सिद्धान्त नव्हता. त्यासाठी संमिश्र संख्या, विकलज आणि विश्लेषी फलनांचा अभ्यास हवा होता. ती साधने नंतरची आहेत. पूर्वजांना न केलेल्या गोष्टींचे श्रेय दिले, की त्यांनी खरोखर केलेल्या गोष्टी झाकल्या जातात. हाताने षष्टिमान गुणाकार करून पाच स्थळांपर्यंत नव्वद ज्या सिद्ध करणे ही स्वतःच मोठी गोष्ट आहे. तिला उसन्या अलंकारांची गरज नाही.

या सूत्राचे आणखी एक विलक्षण वर्तन सांगण्याजोगे आहे. सची किंमत बदलत गेलो आणि दर वेळी शून्यापासून आरंभ केला, तर वास्तव रेषेवर फेऱ्या आटोक्यात राहतात त्या नेमक्या −१ ते १ या मर्यादेत. ज्येची किंमत जेवढी असू शकते, तेवढीच ही मर्यादा. सला संमिश्र किंमती दिल्या, तर आटोक्यात राहणाऱ्या किंमतींचा एक झालरदार प्रदेश मिळतो. तो मॅंडेलब्रॉट संचाचा घन-भाऊबंद होय, आणि १ व −१ ही त्याच्या मुख्य भागाची दोन टोकदार खाचे आहेत.

स ची किंमत १ हून अगदी किंचित जास्त ठेवली, तर काय होते? आता वास्तव उत्तर जवळपास उरलेलेच नाही. परंतु फेऱ्यांना ते ताबडतोब कळत नाही. मूल्य ०.५ च्या आसपास येते, तेथे जणू अरुंद खिंडीतून जात असल्यासारखे रेंगाळते, आणि मग बाहेर पडून अनंताकडे जाते. खिंड ओलांडण्यास किती फेऱ्या लागतात? स जर १ पेक्षा एक दशलक्षांशाच्या दीडपटीने, म्हणजे ०.०००००१५ ने जास्त असेल, तर सुमारे ३,१४० फेऱ्या. जादा भाग शंभरपट लहान केला, की फेऱ्या सुमारे ३१,४०० होतात. या अंकांत पाय उमटतो. वर्गसूत्राच्या मॅंडेलब्रॉट संचात असाच पाय १९९१ मध्ये डेव्ह बॉल यांना संगणकावर प्रयोग करताना दिसला आणि पुढे त्याची रीतसर सिद्धता मिळाली. ९० अंशांच्या ठिकाणी अविशेषाने जी फसगत केली, तिचीच ही दुसरी बाजू. गुणक नेमका १ होतो तेथे रीत मंदावते. त्या बिंदूच्या पलीकडे तीच मंदगती पायच्या मापाने मोजली जाते.

विद्यार्थ्यांसाठी यातील व्यावहारिक बोध स्पष्ट आहे. हवामानाच्या प्रारूपांपासून यंत्रशिक्षणापर्यंत आजचे बहुतेक मोठे गणन असकृत् स्वरूपाचे असते, आणि ते थांबवण्याची कसोटी बहुधा तीच जुनी असते : लागोपाठच्या उत्तरांतील फरक ठरावीक मर्यादेखाली गेला, की थांबा. ही कसोटी गुणक लहान असतानाच विश्वासार्ह आहे. गुणक १ च्या जवळ असेल, तर फरक लहान आणि चूक मोठी असू शकते. म्हणून फरकाबरोबरच लागोपाठच्या फरकांचे गुणोत्तरही पाहावे. ते ०.००१ असेल, तर निश्चिंत असावे; ०.९९ असेल, तर उत्तर अजून दूर आहे असे समजावे.

सिद्धान्ताच्या बाजूने मात्र प्रकरण अद्याप मिटलेले नाही. सची कोणतीही संमिश्र किंमत दिली, तर ती अत्यल्प हलवून असे करता येईल का, की शून्यापासून निघालेल्या फेऱ्या एकतर अनंताकडे जातील किंवा एखाद्या आकर्षक चक्रात स्थिरावतील? सच्या वास्तव किंमतींसाठी याचे होकारार्थी उत्तर सिद्ध झाले आहे. संमिश्र किंमतींसाठी ते बहुतेक तज्ज्ञांना खरे वाटते. परंतु तिप्पट कोनाच्या या घनसूत्रासाठी काय किंवा त्याहून सोप्या वर्गसूत्रासाठी काय, सिद्धता आजही कोणाजवळ नाही.